‘त्याचा’ धर्म आणि ‘आपला’ माणूस

निवडणुकीतील भाषणाला आपण साहित्य मानत नाही. ते मानावे असेही नाही. पण मराठी भाषा एका वेळी हजारो माणसांच्या कानी पडते ती मैदानातल्या सभेत, आणि तिथे वापरलेल्या शब्दाचे परिणाम ऐकणाऱ्याच्या वस्तीपर्यंत पोहोचतात. म्हणून या भाषणांची समीक्षा व्हायला हवी. मुंबईच्या उपनगरातील एका निवडणुकीत हे काम न्यायालयाला करावे लागले. त्या निकालाकडे एक वाचक म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या वतीने डॉ. रमेश प्रभू उभे होते. ते त्या वेळी मुंबईचे महापौर होते. काँग्रेसचे उमेदवार होते प्रभाकर कुंटे. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबरला बाळासाहेब ठाकरे यांची प्रचारसभांत भाषणे झाली. त्यांपैकी एक सभा खारदांड्याला शंकराच्या देवळाजवळ होती. ही निवडणूक हिंदू धर्माच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, असा आशय त्यात होता. डॉ. प्रभू निवडून आले. कुंटे उच्च न्यायालयात गेले. ७ एप्रिल १९८९ रोजी निवडणूक रद्द झाली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे १९९९ मध्ये ठाकरे यांचा मताधिकार १९९५ पासूनच्या सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला.

म्हणजे उमेदवार हरला. मात्र लोकांच्या लक्षात राहिले ते उलटेच. न्या. जे. एस. वर्मा यांच्या निकालपत्रात दोन वेगवेगळे वाचक दिसतात. एक वाचक ‘हिंदुत्व’ हा शब्द हाती घेतो, जुन्या निकालांतून त्याचा अर्थ शोधतो आणि सांगतो की हा शब्द जीवनपद्धतीसाठीही वापरला जातो. त्याचा अर्थ संकुचितच असतो असे गृहीत धरता येत नाही. दुसरा वाचक प्रत्यक्ष भाषण वाचतो, त्यातील भाषेबद्दल खेद व्यक्त करतो आणि उमेदवाराला दोषी ठरवतो. शब्दाचा अर्थ संदर्भावर ठरतो, हे निकालपत्रालाही मान्य आहे. मग संदर्भ समोर असताना शब्दाची इतकी स्वतंत्र चर्चा कशासाठी? समीक्षक म्हणून माझा आक्षेप इथे आहे. कवितेतील एक शब्द उचलून कोशात पाहावा आणि कविता निर्दोष म्हणावी, असे आपण करत नाही. न्यायालयाने कविता दोषी ठरवली, पण शब्दाला दिलेले प्रशस्तिपत्र घेऊन लोक निघून गेले.

दुसरा वाद एका सर्वनामाचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) ‘त्याच्या’ धर्माच्या आधारे मत मागण्यास मनाई करते. हा ‘तो’ कोण? १९९५ मध्ये तो उमेदवार ठरला. सांताक्रूझहून १९९० मध्ये निवडून आलेल्या अभिराम सिंह यांच्या खटल्यात, २ जानेवारी २०१७ रोजी, सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी त्यात मतदाराचाही समावेश केला. ‘हिंदुत्वा’चा मुद्दा मात्र त्या पीठाने फेरविचारासाठी घेतला नाही.

इंग्रजीतील त्या एका सर्वनामावर इतकी वर्षे गेली. मराठी मतदाराला हे आधीच ठाऊक होते. ‘त्याचा’ म्हटले की माणूस दूर जातो, ‘आपला’ म्हटले की जवळ येतो. बोलणारा, ऐकणारा आणि उमेदवार तिघेही ‘आपला’ या एका शब्दात मावतात. ‘आपला माणूस’ म्हणताना धर्माचे नाव घ्यावेच लागत नाही. तसाच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. पार्ल्याच्या मैदानाच्या कडेला उभा असलेला मराठी मुसलमान कोणत्या सर्वनामात होता, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो भाषेने ‘आपण’मध्ये होता, भाषणाने त्याला बाहेर काढले.

हे लिहिताना आपल्या वस्त्यांकडे डोळेझाक करता येणार नाही. ‘अपना आदमी’, ‘कौम का उम्मीदवार’ या घोषणा आपणही ऐकल्या आहेत. गटार आणि नळ यांचा हिशेब त्या घोषणेखाली झाकला जातो, हेही पाहिले आहे. दुसऱ्याच्या ‘आपला’वर बोट ठेवायचे आणि स्वतःच्या ‘अपना’वर टाळ्या वाजवायच्या, हा दुटप्पीपणा आहे.

तरीही २०१७ च्या निकालातील तीन न्यायमूर्तींचे अल्पमत आपण नीट वाचले पाहिजे. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या मताचा गाभा असा, की धर्म, जात, भाषा यांमुळे झालेल्या अन्यायाची चर्चा हा लोकशाहीचाच भाग आहे. ‘मुसलमान आहे म्हणून मत द्या’ आणि ‘मुसलमान आहे म्हणून घर नाकारले’ या दोन्ही वाक्यांत ‘म्हणून’ आहे. पहिले आवाहन आहे, दुसरी तक्रार. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातील आकडे एखाद्या उमेदवाराने सभेत मांडले, तर ती तक्रारच होय. पण दोन्ही वाक्ये एकाच तराजूत तोलली गेली, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच तोंड बंद होईल.

हा फरक कायद्याच्या कलमात सापडणे कठीण आहे. तो वाक्यात सापडतो, वाक्य कोण कोणाला म्हणतो आहे त्यात सापडतो. तेव्हा पुढच्या निवडणुकीत अंधेरी असो वा घाटकोपर, सभेला अवश्य जावे आणि वक्ता ‘आम्ही’ कधी म्हणतो आणि ‘आपण’ कधी म्हणतो, एवढे तरी मोजावे.