रानपिंगळ्याचं कपाळ आणि मोनार्कची काच

दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली की गिऱ्हाईक खूश होतं. पण ती पाटी तर कुठल्याही दुर्बिणीतून वाचता येते. दुर्बिणीची खरी परीक्षा नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदच्या पुढे, तोरणमाळकडे चढणाऱ्या रस्त्यावर होते. केळी-पपईची शेतं मागे पडतात, सातपुड्याच्या पायथ्याचं सागवान सुरू होतं. थंडीच्या सकाळी तिथे एखाद्या वाळक्या शेंड्यावर छोटंसं घुबड ऊन खात बसलेलं असतं. डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट नक्षी असेल तर तो साधा पिंगळा. गावातल्या आंब्यावर, वडावरही भेटतो. कपाळ जवळजवळ कोरं, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, खाली पोट पांढरंशुभ्र आणि पंखा-शेपटीवर रुंद पट्टे असतील, तर तो रानपिंगळा. हा पक्षी भारताबाहेर कुठेच नाही.

या पक्ष्याची खानदेशातली ओळख बंदुकीने झाली. 1880 च्या दशकात तिथे नेमणुकीला असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या रानात तो टिपला आणि कातडी विलायतेला गेली. 1884 नंतर मात्र खरा नमुना कुणाच्याच हाती लागला नाही. एक खोटा तेवढा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या बड्या नावाच्या पक्षीतज्ज्ञाने 1914 साली तापीकाठच्या मांडवीत एक रानपिंगळा मिळवल्याची नोंद करून ठेवली होती. एवढ्या मोठ्या माणसाची नोंद कोण तपासणार? पुढे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती कातडी बारकाईने पाहिली. ती डेव्हिडसनचीच निघाली. संग्रहालयातून लांबवून, टाके उसवून, पुन्हा भरून नव्या चिठ्ठीसह परत ठेवलेली. मांडवी खोटी ठरल्यावर शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मध्ये 113 वर्षं गेली होती. शहादा आज ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेलाही नव्हता. तो पुढच्या वर्षी, 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. या वेळी गोळी झाडायची गरज पडली नाही. भिंगातून पाहिलेल्या खुणा आणि कॅमेऱ्यातली चित्रं पुरेशी ठरली.

बंदुकीवरची दुर्बीण आणि पक्षीनिरीक्षकाची दुर्बीण ही एकाच घराण्यातली भावंडं. झाईस, स्वारोव्स्की, लाइका या कंपन्या दोन्ही बनवतात. निकॉनही बनवत असे, आणि तिचं ‘मोनार्क’ हे नाव दोन्हींवर होतं. 2020 च्या सुमारास निकॉनने बंदुकीवरच्या दुर्बिणींचा धंदा गुंडाळला. जगभरच्या ज्या नेमबाजांनी आणि शिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं या नावावर जीव टाकला होता, त्यांना दुसरं दुकान शोधावं लागलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्न आधीच मिटवला होता, त्यामुळे त्या बातमीने म्हसावदला कुणाची झोप उडाली नाही. पण गळ्यात मोनार्क अडकवून रानात शिरणाऱ्यांनी विचार करायला हरकत नाही. आपण नावाशी इमान राखतो. नाव आपल्याशी राखेलच असं नाही.

म्हणून नाव बाजूला ठेवून काच बघू.

मोनार्क एम 7, 8×42. आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. 42 ला 8 ने भागा: 5.25 मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत पोचतो. 10×42 घेतली तर तो 4.2 वर येतो. सूर्य डोंगराआडून नुकता वर येत असतो, सागाखाली अजून अंधुक असतं, तेव्हा हा फरक जाणवतो. शिवाय दहा पटीत हाताचा कंपही दहा पट होतो, आणि चढ चढून धापा टाकणाऱ्या माणसाला तो आवरत नाही. ‘दहाची घ्या, जास्त जवळ दिसतं’ हा दुकानदाराचा सल्ला मी कधी मानला नाही.

पण एम 7 चं खरं सुख तिच्या ऐसपैस दृश्यात आहे. 8.3 अंश, म्हणजे 1000 मीटरवर सुमारे 145 मीटर रुंदीचा देखावा. तिच्याच घरातली स्वस्त बहीण एम 5 फक्त 6.4 अंश दाखवते, 112 मीटर. पन्नास मीटरवरच्या सागावर याचा हिशेब सव्वासात मीटर विरुद्ध सुमारे साडेपाच असा होतो. रानपिंगळा दिवसा शिकार करतो. झटकन खाली झेपावतो, सरडा उचलतो, भलत्याच फांदीवर जाऊन बसतो. अरुंद दुर्बिणीत तो निसटला की पानगळीच्या रानातल्या शेकडो सारख्या फांद्यांत शोधत बसा. एम 7 त्याला नजरेत ठेवते.

आता कपाळ. फिकट आभाळापुढे बसलेल्या गडद पक्ष्याच्या कडेला साध्या काचेतून जांभळी किंवा हिरवट किनार उमटते. डोक्याच्या कडेचे ठिपके नेमके त्याच किनारीत बुडतात आणि पिंगळ्याचा रानपिंगळा व्हायला वेळ लागत नाही. नोंदवहीत असे किती रानपिंगळे जन्माला आले असतील कोण जाणे! एम 7 मध्ये रंग फुटू न देणारी ईडी काच आहे. किनार अगदी जात नाही, दृश्याच्या काठावर थोडी राहते. पण पक्षी मध्यावर आणला की डोकं स्वच्छ दिसतं. या रानात मला काचेकडून एवढंच हवं असतं. ईडी काच एम 5 मध्येही आहे, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. शिवाय चष्मेवाल्यांना एम 5 अधिक सोयीची: डोळा 19.5 मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं, एम 7 मध्ये 17.1. जाड काचेचा चष्मा असेल तर हे अंतर महत्त्वाचं.

दोन्हींत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे जुलैच्या धुक्यातही भिंगं आतून घामेजत नाहीत. निकॉनच्याच स्वस्त अ‍ॅक्युलॉनला हे संरक्षण नाही. नाव तेच, पाऊसही तोच.

नावाची आणखी एक गंमत. निकॉन म्हणजे जपान अशी आपली ठाम समजूत, पण एम 5 आणि एम 7 चीनमध्ये बनतात; जपानी बनावटीची मोनार्क हवी तर एचजी घ्यावी लागते आणि तिची किंमत कितीतरी वर जाते. चिनी बनावटीबद्दल नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. कपाळ स्वच्छ दिसलं, विषय संपला. मात्र ‘जपानी माल आहे’ म्हणून जादा पैसे मोजणाऱ्याने बुडाशी कोरलेली अक्षरं आधी वाचावीत.

माझा कौल असा. एम 7, 8×42 आजही पैसे वसूल करून देते, घ्यावी. चष्मा असेल तर एम 5 आधी डोळ्याला लावून पाहावी. अ‍ॅक्युलॉन फक्त कोरड्या ऋतूसाठी. आणि ज्यांच्याकडे जुनी, पण भिंगं शाबूत असलेली मोनार्क आहे, त्यांनी नव्या क्रमांकाच्या मोहात पडू नये. त्या पैशांत दोन थंड्या म्हसावद-तोरणमाळ करून याव्यात.