‘अमृतमंथना’तील डोळा

प्रभात फिल्म कंपनीचा ‘अमृतमंथन’ हा बोलपट १९३४ सालीं निघाला. नव्वद वर्षें उलटलीं, तरी तो पाहून उठलेल्या मंडळींत एका मुद्द्यावर वाद झाल्यावांचून राहत नाहीं. राजगुरूच सारें चित्र गिळून बसतो, त्याच्यापुढें सज्जन पात्रें फिकीं पडतात. अधर्माचा धिक्कार करण्यास निघालेल्या कलाकृतीनें अधर्मालाच इतकें तेज कां द्यावें, असा एका पक्षाचा आक्षेप. तें तेज हीच चित्राची कमाई, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. आमच्या मतें दोन्ही पक्ष केवळ नटाविषयीं बोलत असतात.

ना. ह. आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर हें कथानक आधारलेलें आहे. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा देवीपुढील बळी बंद करतो. राजगुरूच्या लेखीं हा देवीचाच अपमान. तो राजाच्या वधाची आज्ञा देतो आणि यशोधर्मा ती पार पाडतो. ज्याच्या शब्दाखातर हें पातक केलें, तोच राजगुरू पुढें त्याच्यावर उलटतो. आम्हांस या चित्रांत सर्वांत भयंकर वाटतो तो हा यशोधर्मा. हा कांहीं भाडोत्री मारेकरी नव्हे. निष्ठा हा ज्या राज्यांत गुण समजला जातो, त्या राज्यांत त्याच गुणाच्या बळावर खून करवून घेतां येतो, हें त्याच्याकडे पाहून कळतें.

आतां तो डोळा. राजगुरूचा एक डोळा वाढत वाढत सारा पडदा व्यापतो, हें दृश्य एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. मराठींत ही भूमिका रंगभूमीवर मुरलेल्या केशवराव दात्यांनीं केली, हिंदींत चंद्रमोहन यांनीं. आणि हिंदी चित्र पाहिलेल्यांस चंद्रमोहनच्या घाऱ्या डोळ्यांपुढें दुसरें कांहीं आठवत नाहीं. आदल्याच वर्षीं ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठीं शांताराम जर्मनीस जाऊन आले होते, तिकडच्या छायाप्रकाशाचें वळण या मंदिरांतील अंधारावर उघड दिसतें. परंतु ही निव्वळ तंत्राची करामत म्हणून सोडून देतां येत नाहीं. त्या डोळ्यावरून ज्या प्रेक्षकाला नजर काढतां येत नाहीं, तो तेवढा वेळ अवंतीच्या प्रजेंत जाऊन बसलेला असतो. राजगुरू निस्तेज असता, तर लोक त्याला कां भ्याले हें कोडेंच राहिलें असतें.

ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी यानंतर पंधरा वर्षांनीं, १९४९ सालीं, प्रसिद्ध झाली आणि १९८४ मध्यें मायकेल रॅडफर्ड यांनीं तिचा चित्रपट केला. तेथेंहि अष्टौप्रहर रोखलेली नजर आहे. परंतु त्या राज्याला माणूस वांकविण्यासाठीं कोठडी लागते, छळ लागतो. अवंतीचा माणूस आपण होऊन हात जोडून येतो.

आम्हां कोल्हापूरकरांना या चित्राविषयीं जरा अधिकच ममत्व, हें कबूल केलें पाहिजे. ‘प्रभात’ १९२९ सालीं येथेंच जन्मली. १९३३ मध्यें ती पुण्यास गेली आणि तेथील तिचें हें पहिलें चित्र. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे सारे बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं घडलेले. पेंटरांच्या १९२० मधील ‘सैरंध्री’त कीचकाचा वध पाहून बायका मूर्च्छित पडल्या, असें सांगतात. गुरूंनीं रक्त दाखवून जी भीति घातली, ती शिष्यांनीं चौदा वर्षांनीं नुसत्या नजरेनें घातली.

आमचा आक्षेप आहे तो शेवटावर. प्रजा उठते आणि राजगुरू आपलें मस्तक स्वतःच्या हातानें देवीला अर्पण करतो. कित्येकांना हा प्रकार नाटकी वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. ढोंगी असता तर तो जीव वांचवून पळाला असता. देवीला रक्त हवें असतें हें तो मनापासून मानीत होता आणि दुसरें रक्त मिळेना तेव्हां त्यानें आपलें दिलें. मात्र कालपर्यंत त्याच्यापुढें लवणारी प्रजा आज अकस्मात् शहाणी होते, हें चित्रानें फार स्वस्तांत उरकलें आहे. त्या जमावांत यशोधर्म्यासारखे आणखी किती जण उभे होते, हें कोणी विचारीत नाहीं.