झेंडा की झुंज?

संगणकावरील खेळांचा विषय निघाला की शिक्षकांमध्ये बहुधा एकच वाद होतो : मुलांनी ते खेळावेत की खेळू नयेत? हा वाद गैरलागू नाही. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. नाटकाची किंवा पाठ्यपुस्तकाची जशी समीक्षा करता येते तशी खेळाच्या रचनेचीही करता येते. त्याचे नियम काय सांगतात, तो बक्षीस कशाला देतो आणि या दोन गोष्टींचा मेळ बसतो का, हे तपासता येते. अशा तपासणीतून कधीकधी वर्गात उपयोगी पडेल असे काही हाती लागते. म्हणून येथे आपण आंतरजालावर संघ करून खेळल्या जाणाऱ्या लढाईच्या खेळांतील एक जुने भांडण घेऊ. संघाने उद्दिष्टासाठी खेळावे, की समोर दिसेल त्या शत्रूशी नुसते लढत राहावे?

उदाहरणासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ब्लिझर्ड कंपनीचा २००४ सालचा खेळ घेऊ. त्यात २००५ साली ‘अराथी बेसिन’ नावाचे एक रणांगण आले. अलायन्स आणि होर्ड असे दोन पक्ष, प्रत्येकाचे १५ गडी. मैदानात पाच ठाणी : तबेला, लोहारशाळा, शेत, लाकूड कापण्याची गिरणी आणि सोन्याची खाण. प्रत्येक ठाण्यात एक झेंडा असतो. शत्रूच्या झेंड्यापाशी काही सेकंद निर्वेध उभे राहता आले की तो उतरवता येतो, मात्र त्यानंतर एक मिनिट टिकाव धरावा लागतो. मगच ठाणे आपले होते. आपल्या ताब्यातील ठाण्यांतून साठा जमत राहतो. मूळ नियमांनुसार ज्याचा साठा आधी २००० होईल तो पक्ष जिंकतो. (पुढे ही मर्यादा कमी करण्यात आली.) किती शत्रू मारले याला जिंकण्या-हरण्याच्या नियमात कोठेही जागा नाही.

साठ्याचे गणित

साठा कसा वाढतो ते पाहण्याजोगे आहे. मूळ नियमांत एक ठाणे हाती असेल तर दर १२ सेकंदांनी १० एकक मिळत. दोन ठाण्यांना दर ९ सेकंदांनी १०, तीन ठाण्यांना दर ६ सेकंदांनी १० आणि चार ठाण्यांना दर ३ सेकंदांनी १०. पाचही ठाणी आली तर दर सेकंदाला ३०. हेच मिनिटाच्या हिशेबात मांडले तर अनुक्रमे ५०, सुमारे ६७, १००, २०० आणि १८०० एकक होतात. विद्यार्थ्यांना याचा आलेख काढायला सांगावा. तो सरळ रेषेत जात नाही. तिसऱ्या ठाण्यापासून पुढे प्रत्येक नवे ठाणे आधीच्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

समजा, आपल्याकडे तीन ठाणी आहेत आणि शत्रूकडे दोन. २००० एककांसाठी आपल्याला १० एककांचे २०० हप्ते लागतील, म्हणजे १२०० सेकंद किंवा २० मिनिटे. तेवढ्या वेळात शत्रूचे १३३ हप्ते, म्हणजे १३३० एकक होतील. चौथ्या ठाण्याच्या मागे न लागता तीन ठाणी नुसती राखली तरी विजय निश्चित. उलट, तिसरे ठाणे गमावले तर मिनिटाला ३३ एककांची आघाडी जाऊन तेवढीच पिछाडी पदरी पडते. दोन्ही मिळून फरक मिनिटाला ६६ एककांचा. तिसऱ्या ठाण्याच्या झेंड्यापाशी उभा असलेला एकटा पहारेकरी हा फरक राखून असतो.

मारण्याची किंमत

आता दुसरी बाजू. या रणांगणात मेलेला गडी खेळातून बाद होत नाही. तो आपल्या पक्षाच्या ताब्यातील जवळच्या स्मशानात जातो आणि तेथे दर ३० सेकंदांनी सर्व मृत एकदम उठतात. कोणाला लगेच उठता येते, तर कोणाला पूर्ण ३० सेकंद थांबावे लागते. सरासरी १५ सेकंद धरू. एखाद्या संघाने २० मिनिटांत शत्रूचे ४० गडी मारले, तर शत्रूचा ४० गुणिले १५, म्हणजे ६०० सेकंद किंवा १० मिनिटांचा वेळ वाया गेला. पुन्हा धावत येण्याचा वेळ धरून हे दुप्पट करू : २० मिनिटे. शत्रूच्या १५ गड्यांचा २० मिनिटांचा एकूण वेळ ३०० मिनिटे होतो. म्हणजे ४० बळींचे फळ एवढेच, की शत्रूचा एक गडी खेळभर गैरहजर राहिला.

हे फळ अगदीच क्षुल्लक नाही. पण ते कोठे मिळाले याला फार महत्त्व आहे. स्मशाने ठाण्यांनाच लागून असतात. दोन ठाण्यांमधील रस्त्यावर शत्रूला मारले तर तो उठतो जवळच्या आपल्या ठाण्यात, आणि पुष्कळदा आपल्याला हल्ला करायचा असतो तो नेमका तेथेच. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक जीत शत्रूला त्याच्या ठाण्यासाठी एकेक ताजा पहारेकरी पाठवते. जाणते खेळाडू सहकाऱ्यांना ‘रस्त्यावर लढू नका, झेंड्याजवळ लढा’ असे ओरडून सांगतात, त्यामागील कारण हे आहे.

लढणाऱ्यांची बाजू

तरीही लढणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे, कारण ते सारेच चूक नाही. इंग्लंडमधील मोटारगाड्यांचे एक आद्य अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ सालच्या विमानयुद्धावरील पुस्तकात एक नियम मांडला. दोन्ही बाजूंना एकमेकांवर दुरून नेम धरता येत असेल आणि गडी सारख्या कुवतीचे असतील, तर संघाचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाच विरुद्ध तीन अशी गाठ पडली तर २५ वजा ९, म्हणजे १६ उरतात. त्याचे वर्गमूळ ४. पाचांच्या बाजूचा एकच गडी खर्ची पडतो आणि समोरचे तिघेही संपतात. एकत्र येऊन लढण्याचा मोह काही खुळा नाही.

परंतु लँचेस्टर यांच्या हिशेबात मेलेला परत येत नाही, आणि अराथी बेसिनमध्ये तो अर्ध्या मिनिटात परत येतो. तेव्हा पाच जणांनी तिघांना मारून मिळवले काय? थोडा मोकळा वेळ. तो झेंडा उतरवण्यात खर्च झाला तर मारणे सार्थकी लागले. पुढचा शत्रू हुडकण्यात गेला तर ते व्यर्थ. खेरीज, झेंड्याला हात घातलेल्या शत्रूवर नुसता एक घाव बसला तरी त्याचा प्रयत्न मोडतो. झेंडा राखायला आणि घ्यायला लढणे आलेच. एखादा तरबेज खेळाडू रस्त्यावर तीन शत्रूंना मिनिटभर झुलवत ठेवतो, तेव्हा उरलेल्या मैदानात १४ विरुद्ध १२ अशी स्थिती होते. त्याने एकालाही मारले नसेल, तरी तो संघाच्या कामी आला.

मेलेला परत येतो की नाही, या एका नियमाने सगळे चित्र पालटते. १९९९ साली आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये मेलेला खेळाडू तो डाव संपेपर्यंत परत येत नाही. बॉम्ब पेरला जाण्यापूर्वी समोरचा सारा संघ मारला तर डाव जिंकला, म्हणून तेथे झुंज आणि उद्दिष्ट जवळजवळ येतात. मात्र बॉम्ब पेरला गेल्यावर तो पेरणारे सगळे मारले तरी भागत नाही. तो निकामी करावाच लागतो. आपल्या कबड्डीत तर हे भांडणच नाही. गडी बाद केला की गुण मिळतो आणि आपला बाद झालेला गडीही परत येतो. तेथे जे मोजले जाते तेच मिळवायचे असते.

खेळ कशाची नोंद ठेवतो?

मग अराथी बेसिनमध्ये गणित इतके स्वच्छ असताना रस्त्यावर गर्दी का? सोपे उत्तर असे की माणसांचे स्वभाव वेगळे असतात. आंतरजालावरील खेळांचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार सांगितले, त्यात इतरांवर कुरघोडी करण्यातच आनंद मानणाऱ्यांचा एक प्रकार होता. पण स्वभाव हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे खेळाच्या हिशेबवहीत आहे आणि माझा आक्षेप तेथेच आहे.

सामना संपला की पडद्यावर सर्वांसमोर एक फलक येतो. कोणी किती मारले, कोण किती वेळा मेला, किती इजा केली, किती उपचार केले, ही सारी नोंद नावानिशी असते. ठाणी घेतली आणि ठाणी राखली असेही रकाने आहेत. परंतु ‘ठाणे राखले’ ही नोंद शत्रूने उतरवलेला झेंडा वेळेत पुन्हा आपला केला तरच होते. ज्याच्या पहाऱ्यामुळे शत्रू फिरकलाच नाही, किंवा ज्याने शत्रू येताना पाहून वेळीच मदत बोलावली, त्याच्या नावापुढे शून्य. चोख काम जितके चोख, तितकी नोंद कोरी.

बक्षिसाची रीतही तशीच. २००५-०६ मधील पद्धतीत खेळाडूंना ‘मान’ मिळे आणि आठवड्याच्या शेवटी आपल्याच पक्षातील इतरांशी तुलना करून त्यांचा हुद्दा ठरे. साठ्याबद्दलचा मान अख्ख्या संघाला सारखा मिळे. शत्रू मारल्याचा मान जे त्या झुंजीत होते त्यांना मिळे. याचा अर्थ पाहा. पहारेकऱ्याच्या कष्टाचे फळ पंधरा जणांत वाटले जाई. लढणाऱ्याच्या झुंजीचे फळ झुंजीतल्यांच्याच पदरात पडे. साठ्यातला वाटा तर लढणाऱ्यालाही मिळेच. अशा स्थितीत पहाऱ्याला उभा राहणारा स्वतःचा हुद्दा गमावून संघाचे भले करत होता. नियमपुस्तक म्हणे ‘ठाणी राखा’, हिशेबवही म्हणे ‘माणसे मारा’. खेळाडू हिशेबवहीचे ऐकत असतील तर दोष त्यांच्या एकट्याचा नाही. ही हुद्द्यांची पद्धत २००६ च्या अखेरीस बंद झाली, पण फलक राहिला.

इतर खेळकर्त्यांनी वेगळे मार्ग चोखाळले. २००७ सालच्या ‘टीम फोर्ट्रेस २’ मध्ये शत्रू मारण्याला एक गुण, तर ठिकाण जिंकण्याला दोन. २०१६ साली आलेल्या ‘ओव्हरवॉच’ने सामायिक फलक काढूनच टाकला. प्रत्येकाला फक्त आपले आकडे दिसत, आणि आपल्या संघात आपण पहिल्या तिघांत असलो तर पदक दिसे; उद्दिष्टाच्या ठिकाणी घालवलेल्या वेळालाही पदक होते. तरी ‘माझे मारण्यातले सुवर्णपदक आहे, दोष तुमचा’ असे दावे होतच राहिले. २०२२ मधील ‘ओव्हरवॉच २’ ने पदके काढून सर्वांचा फलक पुन्हा आणला, आणि त्यात बाद करणे, मृत्यू, इजा, उपचार असलेच रकाने होते. राखण्याचे काम पुन्हा फलकाबाहेर गेले. हे काम मोजायला अवघड आहे हे मान्य. पण जे मोजायला सोपे ते मोजायचे आणि तेच थोर ठरवायचे, ही रचनेतील आळशी वाट झाली.

शाळेतला फलक

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पतधोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार येथे लागू पडतो : एखाद्या आकड्याच्या आधारे लोकांवर नियंत्रण ठेवू लागले की तो आकडा भरवशाचा राहत नाही, कारण लोक आपले वागणे त्या आकड्याभोवती बेतू लागतात. शिक्षकांना हे नवे नाही. गटाने प्रकल्प करताना तक्ता रंगवणारा आणि व्यासपीठावर बोलणारा आपल्याला दिसतो. रोज ठरल्या वेळी तापमानाची नोंद घेणारी, बिघडलेला प्रयोग न कंटाळता पुन्हा मांडणारी मुलगी झेंड्याजवळच्या पहारेकऱ्यासारखी असते. तिचे काम नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही याला गुण द्यायला आपल्या फलकात रकाना नसतो.

यावर करता येण्याजोगे एक काम आहे. नववी-दहावीच्या वर्गाला वरचे ठाण्यांचे आकडे द्यावेत, आलेख काढून घ्यावा आणि मग विचारावे : या खेळाचा फलक तुम्हाला नव्याने मांडायचा आहे, पहारेकऱ्याचे काम तुम्ही कसे मोजाल? ठाण्यात घालवलेली मिनिटे मोजली तर कोणी तेथे नुसताच झोपा काढेल. मदतीच्या हाका मोजल्या तर खोट्या हाका येतील. प्रत्येक मापातील पळवाट मुलेच शोधून काढतील, आणि माप व उद्दिष्ट यांतील अंतर त्यांना स्वतःच्या हिशेबातून कळेल. त्याच तासाला वर्गाने आपल्या गटप्रकल्पाच्या गुणांची विभागणीही तपासायला मागितली, तर शिक्षकांनी ती तयारी ठेवावी.