क्लास, मिरवणूक आणि मोबाइल

सोलापुरात संगीत दोन ठिकाणी शिकलं जातं आणि ही दोन ठिकाणं एकमेकांना ओळखही देत नाहीत. एक म्हणजे घरातल्या पुढच्या खोलीत संध्याकाळी भरणारा हार्मोनिअम-तबल्याचा क्लास. दुसरं म्हणजे रस्ता: सिद्धेश्वराच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक, गणपतीतली लेझीम, आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्या. क्लासमध्ये मूल ताल पाठ करतं. रस्त्यावर तोच ताल त्याच्या पायांत उतरतो. मोबाइल दोन्हीकडे पोचला आहे. त्यानं या दोन्हींची गाठ घालून दिली का, हा खरा प्रश्न आहे.

क्लासची चौकट भक्कम आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी लहान गावांतही शिस्तशीर शिक्षण नेलं. पण दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळू लागले आणि अनेक पालकांचा हिशोब बदलला. राग किती मुरला यापेक्षा परीक्षा किती झाल्या, याची चौकशी आधी होते.

या क्लासमध्ये यंत्र नवं नाही. बेंगळुरूच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ चा. आता तानपुरा आणि तबला दोन्ही फोनमध्येच. साथीला कुणी नसलं तरी घरी रियाज होतो, ही सोय मोठी आहे. मात्र फोनमधला तबला कुणासाठी थांबत नाही आणि सम चुकली तर मान वर करून बघतही नाही. साथीदाराचं ऐकत गाण्याची सवय त्यातून लागत नाही.

शाळांत तर तंत्रज्ञान म्हणजे बहुतेक वेळा स्पीकर. २०२३ मध्ये ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं. त्याचं ध्वनिमुद्रण लावायचं आणि मुलांनी त्यामागून ओठ हलवायचे, एवढ्यावर भागतं. स्नेहसंमेलनातही ट्रॅक आधी ठरतो आणि मुलांचा आवाज त्या पट्टीत कोंबला जातो.

वेगळी वाट याच जिल्ह्यात दिसली होती. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. ते स्कॅन केले की मुलांना कविताही ऐकायला मिळत. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांचाही त्यांनी विचार केला. २०२० च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’मुळे हे काम जगभर गेलं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात संगीताच्या तासाला ही युक्ती फार उपयोगी ठरेल. प्रत्येक घरातली एक ओवी किंवा पाळणा मुलांनीच रेकॉर्ड करून आणावा, म्हणजे गाण्यांचं पुस्तक वर्गातच तयार होईल.

लोकप्रिय गाण्यांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून ‘म्युझिकल फ्युचर्स’ या उपक्रमानं मुलांना आवडीचं गाणं निवडून, गटात बसून, कानानं ऐकून वाजवायला लावलं. आपले बेंजो पार्टीवाले आणि ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले कित्येक वर्षं असंच शिकत आले आहेत. ‘सैराट’ करमाळा तालुक्यात चित्रित झाला आणि त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद बसला. त्यातलं ‘याड लागलं’ ऐकवून व्हायोलिनांचा ताफा नेमका कुठे येतो आणि तेव्हा ताल काय करतो, एवढं विचारलं तरी एक तास भरून जाईल.

आता हलगीचा एक तास बघू. मिरवणुकीतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मुलांनी फोनवर टिपायचा. वर्गात त्याचा वेग निम्मा करायचा. मग जाड काठीचा ठोका आणि बारीक काठीची किणकिण वेगळी ऐकू येते. ‘साँग मेकर’सारख्या फुकट साधनात ते ठोके चौकटींत भरायचे, त्यावर टाळी धरून केहरव्याच्या आठ मात्रा मोजायच्या आणि कुठे जुळतं, कुठे निसटतं ते शोधायचं. त्याच साधनात पाच स्वर निवडले की भूपाचे सूर हाती येतात. मींड मात्र तिथे नाही, आणि सूर तपासणारं अॅप तोडीचा उतरता कोमल गंधारही चूक ठरवतं. तिथे गुरूच लागतो.

तो गुरू नेहमी विशारदच असायला हवा, असंही नाही. हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्या कलावंतांना आपण मिरवणुकीपुरतं बोलावलं, वर्गात कधी बसवलं नाही. हे दुर्लक्ष कुठलंही अॅप भरून काढणार नाही. डॉल्बीच्या दणदणाटावर दरवर्षी तक्रार करायची आणि मुलांना दुसरं काही ऐकायला शिकवायचं नाही, हा दुटप्पीपणा आहे.

म्हणून शाळांना आणि क्लासचालकांना विनंती आहे. येत्या वर्षी नवी यंत्रं घेण्याआधी एक हलगीवादक, एक पखवाजवादक आणि एक कीबोर्डवाला यांना मानधन देऊन महिन्यातून एकदा वर्गात बोलवा. रेकॉर्डिंगला मुलांकडचे फोन पुरेसे आहेत.