आवडते ते सुंदर?

सुवर्ण गुणोत्तर शिकवताना एक वाक्य हमखास येते: हा आयत सर्वांत सुंदर असल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. आम्हीही ते अनेकदा फळ्यावर लिहिले. मग मूळ प्रयोग पाहिला.

लाइपझिगचे गुस्ताव फेख्नर मुळात भौतिकीचे प्राध्यापक. १८७६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग असा: समान क्षेत्रफळाचे दहा आयत, चौरसापासून थेट २:५ पर्यंत. यांतला सर्वांत आवडता कोणता? सुमारे ३५ टक्के लोकांनी सुवर्ण आयत निवडला. आकडा लक्षणीय खरा. पण उरलेल्या ६५ टक्क्यांना तो पहिल्या पसंतीचा वाटला नाही! शिवाय फेख्नरनी संग्रहालयांतल्या चित्रांची मापे घेतली, तीही या गुणोत्तराशी जुळली नाहीत. हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. फळ्यावर मात्र ते येत नाही.

मुख्य आक्षेप याहून जुना आहे. १७९० साली कांटने 'आवडते' आणि 'सुंदर आहे' यांत फरक केला. त्याचे उदाहरण मद्याचे. आपण कारल्याची भाजी घेऊ. ती मला आवडते, तुम्हाला नाही, वाद संपला. पण 'हे सुंदर आहे' म्हणताना आपण इतरांच्याही संमतीवर हक्क सांगतो, आणि ती संमती ना नियमाने सिद्ध होते, ना मतमोजणीने. फेख्नरनी मोजली ती आवड. आम्हां मोजमाप करणाऱ्यांना हे पचायला जड जाते, पण ते खरे आहे.

वर्गात पुठ्ठ्याचे आयत कापून पाहा. निम्म्या मुलांना 'कोणता आवडला?' विचारा, निम्म्यांना 'कोणता सुंदर, आणि का?' 'का'ची उत्तरे शब्दशः उतरवून घ्या.