तळपाय विसरलेला नियम

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. तो ओळखण्यासाठी आरोग्यपत्रकांत ‘एबीसीडी’ नियम असतो: तिळाच्या दोन बाजू सारख्या नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे आणि व्यास ६ मिलिमीटरहून अधिक असणे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडलेला हा नियम सुटसुटीत आहे. गोऱ्या कातडीवर उन्हामुळे होणारा मेलॅनोमा ओळखण्यास त्याची मदतही झाली. आमचा आक्षेप आहे तो त्याची आपल्याकडे जशीच्या तशी नक्कल करण्याला.

मीरा-भाईंदरच्या एका शाळेत आम्ही असे पत्रक शिक्षकांपुढे ठेवले. त्यातली सगळी चित्रे गोऱ्या पाठीची. “म्हणजे हा आपला रोग नव्हे,” असे उत्तर लगेच आले. हे अर्धेच खरे आहे. ऑस्ट्रेलियात दरवर्षी लाखामागे ३० हून अधिक जणांना मेलॅनोमा होतो. भारतात एकाहूनही कमी. पण आपल्या रुग्णांत तळपाय, तळहात व नखाखालच्या मेलॅनोमाचा वाटा बराच मोठा असतो.

मग सावळ्या माणसाच्या तळपायाला धोका जास्त का? तसे नाही. समजा, सारख्याच लोकसंख्येच्या दोन गावांपैकी एकात १०० रुग्ण आहेत आणि दुसऱ्यात ४. दोन्हीकडे तळपायाचे रुग्ण दोनच. वाटा २ टक्के आणि ५० टक्के, दर मात्र एकच! प्रत्यक्षातही तळपायाच्या मेलॅनोमाचा दर निरनिराळ्या वर्णांच्या लोकांत साधारण सारखाच आढळतो. उन्हाशी निगडित प्रकार मेलॅनिनमुळे आपल्याकडे कमी होतो, म्हणून उरलेल्याचा वाटा फुगतो. टक्केवारी आणि दर यांतला हा फरक वर्गात जरूर शिकवावा.

पत्रकातल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. मिठागरात किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर अनवाणी वावरणाऱ्याला तळपायावरचा डाग कुरूप वाटतो, काळे पडलेले नख मुका मार वाटतो. महिने जातात. या रोगात गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली यावर बरेच काही अवलंबून असते.

‘बदलत जाणे’ हे पाचवे लक्षण २००४ मध्ये नियमाला जोडले गेले. आपल्याला तेच अधिक उपयोगी. प्रत्येक काळा डाग कर्करोग नव्हे. पण तळव्यावरचा वाढणारा, रंग बदलणारा किंवा न भरणारा डाग डॉक्टरांना दाखवावा. पुढच्या पत्रकात एक चित्र तळपायाचे हवे, आणि तेही सावळ्या!