चमकी माशासाठी की आपल्यासाठी?

आज परीक्षण लिहितोय, पण पुस्तकाचं नाही. एका वाक्याचं. वाक्य असं आहे: "घरी आमिष ओतताना त्यात चमकी घाला, मासे जास्त लागतात." अमेरिकेत आणि कॅनडात गळ टाकून बास मासा धरणाऱ्यांच्या जगात हे वाक्य इतकं मुरलेलं आहे की त्याला कुणी पुरावा विचारत नाही. आणि हल्ली त्याच्या विरोधात दुसरं वाक्य उभं राहिलंय: "आमिषातली चमकी तलावाचा नाश करते." दोन्ही वाक्यं ठाम आहेत, दोन्हींच्या पाठीशी 'अभ्यास' असल्याचं सांगितलं जातं. संशोधन प्रस्ताव लिहायला बसलेल्या तुमच्यासाठी यापेक्षा चांगला सराव मला सुचत नाही. विषय परका आहे, त्यामुळे आपली बाजू आधीच ठरलेली नसते.

आधी वस्तू समजून घेऊ. कोकणात गरवायला जाणारे गरीला खरं आमिष लावतात. इथे आमिषच प्लॅस्टिकचं असतं, मऊ, गांडुळासारखं हलणारं. याची सुरुवातच घरगुती आहे. १९४९ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी पत्नी कॉस्मा यांच्यासोबत घरीच असं गांडूळ तयार केलं आणि पुढे त्याचा मोठा उद्योग झाला. आजही घरी करणारे पुष्कळ आहेत. कृती सोपी वाटते. प्लास्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची भुकटी मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात कालवलेली, साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, रंग आणि चमकी घालायची, साच्यात ओतायचं, थंड झालं की काढायचं. जास्त तापलं तर ते पिवळं पडतं, करपतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही, हे इथेच सांगून टाकतो.

चमकी म्हणजे बहुतेक वेळा पेटचा पातळ पापुद्रा. (पेट म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्यांच्या पोटात गोळा आला असेल. ती प्रवेश परीक्षा वेगळी, हे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट.) त्यावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर, त्यावर रंगाचा लेप, आणि मग षटकोनी तुकडे. पेट साधारण २५० अंशांना वितळतं, म्हणून १७५ अंशांच्या रसात ते टिकतं. पण लेप टिकेलच असं नाही. हस्तकलेच्या स्वस्त चमकीचा रंग गरम प्लास्टिसॉलमध्ये चक्क जातो, नव्या लाल कपड्याचा पहिल्या धुण्यात जातो तसा.

कारागिरांचं म्हणणं: "मोठी चमकी लवकर तळाला बसते"

हे म्हणणं खरं आहे. पेटची घनता १.३८ च्या आसपास, प्लास्टिसॉल त्याहून हलकं, आणि पूर्ण तापल्यावर ते पातळही होतं. म्हणून जाणकार सांगतात की रस थोडा निवू द्या, पुन्हा ढवळा आणि लगेच ओता. पण "किती लवकर?" असं विचारलं की आपल्यातला विज्ञानाचा विद्यार्थी पटकन स्टोक्सचा नियम काढतो: वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या तुकड्यापेक्षा १.६ मिलिमीटरचा तुकडा सोळापट वेगाने बसेल.

थांबा. स्टोक्सचा तो नियम गोळ्यासाठी आहे. चमकी गोळा नाही, पापुद्रा आहे. दोन्ही तुकडे एकाच जाडीच्या फिल्ममधून कापले असतील तर व्यास चौपट झाल्यावर वजन सोळापट होतं, कारण क्षेत्रफळ सोळापट आणि जाडी तीच. दाट द्रवात हळू बसणाऱ्या चकतीला होणारा विरोध मात्र व्यास गुणिले वेग असा वाढतो. सोळा भागिले चार, म्हणजे वेग चौपट. सोळापट आणि चौपट यांतला फरक सूत्रात नाही, सूत्र कशासाठी केलंय यात आहे. पाठ केलेलं सूत्र लावण्याआधी समोरच्या वस्तूचा आकार बघा.

"चमकी खवल्यांसारखी दिसते, म्हणून मासा फसतो"

हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की पुढे प्रश्नच सुचत नाही. प्रश्न असा: माशाची चंदेरी कड दिसण्यासाठी असते की लपण्यासाठी? ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक डेंटन यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की चंदेरी माशांच्या अंगातले ग्वानिनचे सूक्ष्म आरसे पाण्यात जवळजवळ उभे राहतात. उभा आरसा आजूबाजूच्या पाण्याइतकाच उजेड परत पाठवतो आणि मासा पाण्यात विरून जातो. म्हणजे खवल्यांचा चंदेरीपणा हे लपण्याचं तंत्र आहे. मासा कलतो, वळतो, जखमी होतो, तेव्हा आरसे तिरके होतात आणि लखकन चमक येते.

म्हणजे ओतलेल्या आमिषातली वाट्टेल त्या दिशेला तोंड केलेली चमकी सुदृढ माशाच्या अंगासारखी नाहीच. फार तर ती धडपडणाऱ्या माशाच्या क्षणिक लकाकीसारखी असेल. या दुरुस्तीने दावा मरत नाही, उलट तपासण्याजोगा होतो. 'सारखी दिसते' हे मोजता येत नाही. 'अधूनमधून लकाकणाऱ्या आमिषावर मासा जास्त वेळा झेपावतो' हे मोजता येतं.

रंगाच्या बाबतीत थोडा पुरावा हाताशी आहे. लार्जमाउथ बासच्या डोळ्यात दोनच प्रकारचे शंकू असतात, हिरव्या आणि लाल प्रकाशाला संवेदनशील, आणि निळ्या-काळ्यात किंवा पोपटी पिवळ्या-पांढऱ्यात त्याची गल्लत होते, असं २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. म्हणजे 'काळ्या आमिषात निळी चमकी' हा दुकानातला लोकप्रिय जोड रंगापुरता तरी आपल्याच डोळ्यांसाठी आहे, अशी शंका रास्त ठरते. २०१५ मधल्या एका कॅनडातल्या अभ्यासात मऊ आमिषाचा रंग बदलल्याने मासे लागण्याचा दर फारसा बदलला नाही, भडक रंगांवर किंचित मोठे मासे आले इतकंच. पण तो अभ्यास रंगाचा आहे, चमकीचा नाही. 'रंगाने फरक पडत नाही, मग चमकीनेही पडत नसणार' असं लिहिलंत, तर परीक्षक त्या ओळीखाली लाल रेघ मारतील आणि ती योग्यच असेल.

"चमकी तलावाचा नाश करते"

आता दुसरी बाजू. तिच्या पुराव्यात तीन अभ्यास हमखास येतात. तिन्ही चांगले आहेत. अडचण ते कशासाठी पुढे केले जातात याची आहे.

पहिला २०२१ चा, इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातल्या डॅनिएल ग्रीन आणि सहकाऱ्यांचा. पाण्यात सुटी चमकी टाकून ३६ दिवसांनी पाहिलं, तर बारीक पाणवनस्पती लेम्नाची मुळं निम्मी झाली होती आणि वनस्पतिप्लवक तिपटीने घटलं होतं. पेटची चमकी असो की 'विघटनशील' म्हणून विकली जाणारी सेल्युलोजची, परिणाम सारखाच. शिवाय सेल्युलोजच्या चमकीत न्यूझीलंडहून आलेल्या उपद्रवी गोगलगायी दुप्पट झाल्या. 'पर्यावरणपूरक चमकी घाला, प्रश्न मिटला' म्हणणाऱ्यांना हे चांगलं उत्तर आहे. पण आमिषातली चमकी सुटी नसते, प्लॅस्टिकमध्ये गाडलेली असते. ती किती आणि कधी सुटते हे कळल्याशिवाय या प्रयोगातला डोस आमिषाला लावता येत नाही.

दुसरा २००९ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. प्रयोगशाळेतल्या ब्रुक ट्राउट माशांनी मऊ आमिषं आपणहून गिळली आणि गिळणाऱ्यांचं वजन घटलं. मासे हे खातात आणि त्यांना अपाय होतो, हे यावरून कळतं. खऱ्या तलावात किती मासे खातात हे कळत नाही.

ते तिसऱ्याने पाहिलं. २०१४ चा अभ्यास, ओंटारियोतला चार्ल्सटन तलाव. दोन वर्षं पाण्यात ठेवलेली आमिषं कुजली नाहीत, उलट फुगली. कोमट पाण्यात वजनाने सरासरी २०५ टक्के वाढली. मासे धरणाऱ्यांपैकी १७.९ टक्के लोक म्हणाले की लेक ट्राउट साफ करताना पोटात निदान एक आमिष सापडलं आहे. संशोधकांनी स्वतः मासे तपासले तेव्हा आमिष सापडलं २.२ टक्के लेक ट्राउटमध्ये आणि ३.४ टक्के स्मॉलमाउथ बासमध्ये.

इथे वाचक दोन गट पाडतात. एक म्हणतो १८ टक्के, दुसरा म्हणतो २. दोघंही छेद बघत नाहीत. पहिल्या आकड्याच्या छेदात माणसं आहेत, दुसऱ्याच्या छेदात मासे. ज्याने आयुष्यात पन्नास मासे साफ केले त्याला 'निदान एक' सापडण्याची शक्यता एका माशापेक्षा कितीतरी जास्त असणारच. हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत, ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. टक्केवारी दिसली की आधी विचारा: 'कशाचे टक्के?'

आणि चमकी? या तीनपैकी एकाही अभ्यासाने आमिषातून सुटणारी चमकी मोजली नाही, कारण तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

मग माझं मत काय?

समीक्षकाने शेवटी बाजू घ्यावी. मला वाटतं, 'चमकीने मासे जास्त लागतात' हा दावा सिद्ध झालेला नाही, आणि 'चमकीने तलाव मरतो' हा इतर अभ्यासांकडून उसना घेतलेला आहे. पण दोन्हींचं वजन सारखं नाही. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, त्यात घन पदार्थात कायमची अडकलेली चमकी वगळली आहे. सगळा भार 'कायमची' या शब्दावर आहे. मऊ आमिष दात लागला की फाटतं, गळावरून निसटून तळाशी जातं, तिथे फुगतं. अशा वस्तूला 'कायम' म्हणायचं तर ते दाखवून देण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची आहे.

हे दाखवणं अवघडही नाही. एकाच भांड्यातलं प्लास्टिसॉल तीन भागांत वाटा: बिनचमकीचं, ०.४ मिलिमीटरचं, १.६ मिलिमीटरचं. साचा एकच. प्रत्येक आमिष वेगळ्या काचेच्या भांड्यात ठेवा, काही अखंड, काही दात लागल्यासारखी चिरलेली. ठरावीक दिवसांनी पाणी गाळा आणि गाळणकागदावरचे तुकडे मोजा. षटकोनी आकारामुळे चमकी सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येते, इतर सूक्ष्मप्लॅस्टिकच्या नशिबी हे सुख नाही. फक्त एक सांभाळा. एका भांड्यात चाळीस तुकडे सापडले म्हणजे तुमचा नमुना चाळीसचा होत नाही. नमुना भांड्यांचा आहे. प्रस्ताव परत येण्याचं हे फार जुनं कारण आहे.

मासे लागण्याचा प्रश्नही तसाच सोडवता येईल. तीच तीन आमिषं, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, आणि नोंद ठेवणाऱ्याला कोणतं आमिष आहे हे न सांगता. घरी ओतणाऱ्याकडे इथे एक सोय आहे, जी दुकानातून पाकीट आणणाऱ्याकडे नाही. बाकी सगळं तेच ठेवून फक्त चमकी वगळणं त्याच्या हातात असतं. बिनचमकीचं आमिष हाच त्याचा नियंत्रण गट, आणि त्याला वेगळा खर्च नाही. चमकीवर इतका विश्वास असूनही तो एकदा न घालता बघत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आता तुमचा प्रस्ताव काढा. त्यातलं सगळ्यात चमकणारं वाक्य शोधा, जे तुम्हाला इतकं पटलंय की त्याला संदर्भच जोडलेला नाही. ते वगळून प्रयोग कसा दिसेल, हे एका परिच्छेदात लिहा. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी.